हवामानबदल कळणाऱ्यांनाच मताचा अधिकार असावा का?

नमस्कार. १८५६ साली अमेरिकेतील ऑल्बनी शहरात वैज्ञानिकांचे एक अधिवेशन भरले होते. युनिस न्यूटन फूट या संशोधक स्त्रीने केलेल्या प्रयोगांचे टिपण त्यात वाचले गेले आणि ते त्यांच्या वतीने जोसेफ हेन्री या नामवंत शास्त्रज्ञाने वाचले. काचेच्या नळ्यांमध्ये वेगवेगळे वायू भरायचे, आत तापमापक ठेवायचा, नळ्या उन्हात मांडायच्या आणि कोणती किती तापते याची नोंद करायची, इतका तो प्रयोग साधा होता. कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी सर्वांत जास्त तापली आणि उन्हातून बाजूला काढल्यावर ती निवायलाही इतर नळ्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला. त्यावरून फूट यांनी असा निष्कर्ष काढला की वातावरणात या वायूचे प्रमाण कधी काळी जास्त असेल, तर पृथ्वीही त्या काळी अधिक उष्ण असली पाहिजे.

याच फूट यांचे नाव आणखी एका कागदावर आढळते. १८४८ साली सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांसाठी एक परिषद झाली होती आणि तिच्या जाहीरनाम्यात स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी होती. त्या जाहीरनाम्याखाली सह्या करणाऱ्यांमध्ये फूट होत्या. १८८८ साली त्यांचे निधन झाले. स्त्री असल्याच्या कारणावरून मत नाकारण्यास अमेरिकेच्या राज्यघटनेने मनाई केली ती १९२० साली, म्हणजे फूट गेल्यानंतर बत्तीस वर्षांनी.

फूट यांची आठवण मी आज मुद्दाम काढली आहे. हवामानबदलाचा वाद तापू लागला की त्यात एक वाक्य हमखास येते: ‘ज्यांना यातले विज्ञान कळत नाही, त्यांच्या हाती मत द्यायचेच कशाला?’ बहुतेक वेळा हे वाक्य हवामानबदलाची मनापासून काळजी असणारी माणसेच उच्चारतात. त्यांची काळजी मलाही वाटते, आणि म्हणूनच हा विचार मला अधिक धोकादायक वाटतो. विज्ञान कळणाऱ्या माणसालाच मत नव्हते, अशा काळातून हे विज्ञान जन्माला आले आहे. मत कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्यांनी फूट यांच्या ज्ञानाची विचारपूस कधीही केली नव्हती.

आता या वादातील दोन प्रश्न आपण आधी वेगळे करू. पृथ्वी तापत आहे का आणि ती कशामुळे तापत आहे, हा पहिला प्रश्न, आणि तो मतदानाने सुटणारा नाही. फूट यांच्यानंतर तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी काही वायू उष्णतेचे प्रारण शोषून घेतात हे प्रयोगशाळेत मोजून दाखवले. १८९६ साली स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचे गणित मांडले. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईमधील मौना लोआ पर्वतावर या वायूची सलग मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. आज हा आकडा ४२० च्या वर गेला आहे, आणि औद्योगिक क्रांतीपूर्वी तो २८० च्या आसपास होता. मानवी व्यवहारांमुळेच वातावरण, समुद्र आणि जमीन तापली आहे याबद्दल शंका उरलेली नाही, असे हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाने २०२१ च्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे. उद्या जगातील प्रत्येक मतदाराने याच्या विरोधात मत दिले, तरी मौना लोआवरचा आकडा खाली येणार नाही.

दुसरा प्रश्न मात्र सर्वस्वी वेगळा आहे. तापमानवाढ रोखण्याचा खर्च कोणी उचलायचा, कोणत्या क्रमाने उचलायचा, कोणाची नोकरी जाईल आणि तिची भरपाई कोण करील, कोणत्या गोष्टीवर कर लागेल आणि कोणत्या गोष्टीला अनुदान मिळेल, हे सारे त्या प्रश्नात येते. मौना लोआवरच्या मोजणीत याचे उत्तर सापडणार नाही, कारण हा न्यायाचा प्रश्न आहे आणि न्यायाच्या प्रश्नावर पदवी असलेल्या माणसाला पदवी नसलेल्या माणसापेक्षा अधिक अधिकार नसतो.

स्वित्झर्लंडचे उदाहरण या ठिकाणी फार बोलके आहे, कारण तिथे कायदे थेट सार्वमताला टाकले जातात. १३ जून २०२१ रोजी स्विस मतदारांनी कार्बन डायऑक्साइडविषयीचा सुधारित कायदा ५१.६ टक्के मतांनी फेटाळला. त्या कायद्यात इंधनावरचा वाढीव भार होता आणि विमानाच्या तिकिटावर ३० ते १२० फ्रँक इतका आकार प्रस्तावित होता. निकाल लागल्यावर लोकांना विज्ञानच कळत नाही, अशी हळहळ व्यक्त होणे साहजिक होते. पण त्यानंतर दोन वर्षांनी, १८ जून २०२३ रोजी, त्याच देशाच्या मतदारांनी २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे हवेत जेवढे सोडू तेवढेच काढून घेण्याची स्थिती, गाठण्याचे बंधन घालणारा दुसरा कायदा ५९.१ टक्के मतांनी मंजूर केला. या कायद्यात नवे कर नव्हते. घरे तापवण्याच्या जुन्या यंत्रणा बदलण्यासाठी दहा वर्षांत २ अब्ज फ्रँक आणि उद्योगांतील नव्या तंत्रज्ञानासाठी १.२ अब्ज फ्रँक देण्याची तरतूद होती. मधल्या काळात युक्रेनचे युद्ध पेटले होते आणि ऊर्जेच्या किमती वाढल्या होत्या, हेही विसरून चालणार नाही. तरीसुद्धा दोन वर्षांत भौतिकशास्त्र बदलले नव्हते आणि मतदारही बहुतांशी तेच होते. बदलले होते ते ओझे वाटण्याचे सूत्र. २०२१ मध्ये ‘नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला अडाणी ठरवून त्याचे मत काढून घेतले असते, तर २०२३ चा कायदा लिहिणाऱ्यांना आपला मसुदा का फसला हे कोणाकडून कळले असते?

ज्ञानाच्या अटीचा इतिहासही या वादात पुरेसा आठवला जात नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मतदार म्हणून नोंदणी करताना साक्षरतेची चाचणी घेतली जात असे. कागदावर ती सर्वांना लागू होती. प्रत्यक्षात कोणाला सोपा उतारा द्यायचा, कोणाला घटनेतील अवघड कलमाचा अर्थ विचारायचा आणि कोणाचे उत्तर बरोबर धरायचे, हे नोंदणी अधिकारी ठरवत असे. शिकलेली कृष्णवर्णीय माणसे या चाचणीत नापास होत आणि फारसे वाचता न येणारी गोरी माणसे पार पडत. जिथे हा भेदभाव उघड झाला होता तिथे १९६५ च्या मताधिकार कायद्याने या चाचण्या थांबवल्या आणि १९७५ साली त्या देशभर कायमच्या बंद झाल्या. ब्रिटनमध्ये वाट निराळी होती. तिथे कोणाला वगळण्याऐवजी विद्यापीठाच्या पदवीधरांना स्वतंत्र मतदारसंघ आणि त्यामुळे दुसरे मत मिळत असे. ही सोय १९४८ च्या कायद्याने संपली. हवामानाच्या ज्ञानाची चाचणी घ्या, असे आज सुचवणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की प्रश्नपत्रिका कोण काढणार, आणि पुढच्या निवडणुकीत सत्ता बदलली तर तीच प्रश्नपत्रिका कोणाच्या हातात जाणार?

याच्या उलट वाट भारताने चोखाळली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि मतदार होते १७ कोटींहून अधिक. साक्षरतेची अट घालण्याऐवजी निवडणूक यंत्रणेने प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली वेगळी मतपेटी ठेवली, म्हणजे वाचता न येणाऱ्याच्या अडचणीवर उपाय शोधण्याची जबाबदारी यंत्रणेने स्वतःकडे घेतली. त्या निवडणुकीत एक मोठी उणीव राहिली आणि ती मतदारांच्या ज्ञानाशी निगडित नव्हती. अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘तमक्याची आई’ अशी नोंद करवली होती, आणि स्वतःचे नाव नसल्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रिया मतदारयादीतून वगळल्या गेल्या. मतदारयादीचा हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण त्याच्याकडे मला शेवटी यायचे आहे.

ज्ञानानंतर वयाचा मुद्दा येतो. ‘म्हाताऱ्यांना पन्नास वर्षांनंतरचे जग पाहायचे नाही, मग त्यांनी ते का ठरवावे?’ हा युक्तिवाद तरुणांच्या तोंडी असतो, आणि त्यामागची भीती खरी आहे. पण ९ एप्रिल २०२४ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने काय निकाल दिला ते पाहा. अपुऱ्या हवामान धोरणामुळे खासगी आणि कौटुंबिक जीवनाच्या अधिकाराचा भंग झाला, असे न्यायालयाने स्वित्झर्लंडविरुद्ध ठरवले, आणि हा खटला ज्या संघटनेने लढवला तिच्या सभासद होत्या दोन हजारांहून अधिक वृद्ध स्विस स्त्रिया. उष्णतेच्या लाटांमध्ये वृद्ध स्त्रियांच्या जिवाला अधिक धोका असतो, हा त्यांचा मुख्य आधार होता. आता आणखी एक हिशोब करू. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मत मिळाले ते ७ फेब्रुवारी १९७१ रोजी, पुरुषांच्या सार्वमताने. त्याआधी १९५९ साली याच पुरुषांनी ती मागणी जवळपास दोन तृतीयांश मतांनी धुडकावली होती. तिथे तेव्हा मतदानाचे वय २० होते. म्हणजे २०२४ मध्ये वयाची चौऱ्याहत्तरी ओलांडलेली प्रत्येक स्विस स्त्री वयात आली तेव्हा तिला राष्ट्रीय पातळीवर मत नव्हते. मताधिकाराशिवायचे तारुण्य ज्यांनी काढले, त्याच पिढीच्या स्त्रियांनी म्हातारपणी हवामानाचा हा खटला जिंकला. वयाच्या कारणाने त्यांचे मत काढून घ्यावे, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

तरुणांना मत द्यावे की नाही, हा प्रश्न मात्र स्वतंत्रपणे विचारण्याजोगा आहे. ब्राझीलने १९८८ च्या घटनेने सोळाव्या वर्षी ऐच्छिक मताधिकार दिला आणि ऑस्ट्रियाने २००७ साली राष्ट्रीय निवडणुकांसाठी मतदानाचे वय सोळावर आणले. मी स्वतः या बदलाच्या बाजूने आहे. पण सोळा वर्षांची मुले आपल्या बाजूने मत देतील, हे त्याचे कारण असता कामा नये; अपेक्षेप्रमाणे मते पडली नाहीत, तर तेच कारण अधिकार काढून घेण्यासाठी वापरले जाईल. मुलांची मते पालकांनी द्यावीत, असाही एक प्रस्ताव अधूनमधून येतो. ते प्रत्यक्षात पालकाचे दुसरे मत होईल, आणि ब्रिटनने १९४८ साली जे संपवले ते आपण नव्या नावाने परत आणू.

माझ्या मते खरी अडचण अजाण मतदारांची संख्या ही नसून अनुपस्थित माणसांची आहे. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षे वातावरणात टिकून राहतो, आणि एका देशाच्या धुराड्यातून निघालेला वायू दुसऱ्या देशाच्या समुद्राची पातळी वाढवतो. ज्यांचा जन्म व्हायचा आहे आणि जे सीमेपलीकडे राहतात, त्यांना या निर्णयात मत नाही, आणि मतपेटीच्या रचनेत ते सहज बसवताही येत नाही. म्हणून इतर मार्ग शोधले गेले आहेत. वेल्सने २०१५ साली कायदा करून भावी पिढ्यांसाठी एक आयुक्त नेमण्याची तरतूद केली. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २०२१ साली असे ठरवले की २०१९ च्या हवामान कायद्याने उत्सर्जन कपातीचा मोठा भार २०३० नंतरच्या काळावर ढकलला आहे आणि त्यामुळे आजच्या तरुणांचे उद्याचे स्वातंत्र्य आकुंचित होते. त्यानंतर तिथल्या संसदेने कायदा कडक करून हवामान-तटस्थतेचे वर्ष २०४५ केले. वानुआतू या पॅसिफिकमधील छोट्या बेटराष्ट्राच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवले, आणि हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर दायित्व आहे असे त्या न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. या मार्गांनी कोणाचेही मत काढून घेतले नाही, हे मला त्यांत सर्वांत मोलाचे वाटते.

आणि आता मतदारयादीकडे येऊ. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाने अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली घातले आणि लाखो लोक परगावी गेले. फेब्रुवारी २००६ मध्ये व्हायची महापौरपदाची निवडणूक एप्रिलपर्यंत पुढे ढकलावी लागली. विस्थापितांसाठी लुइझियाना राज्यात इतरत्र मतदान केंद्रे उघडली गेली, पण राज्याबाहेर गेलेल्यांसाठी तशी केंद्रे नव्हती. मत देण्याचा अधिकार कोणीही काढून घेतलेला नव्हता. केंद्र दूर गेले होते आणि पत्ता पाण्याखाली गेला होता. मताधिकार पत्त्याला बांधलेला असतो आणि हवामानबदल सर्वांत आधी पत्ताच हिरावून घेतो, ही बाब आपल्या वादांत क्वचितच येते.

पॅसिफिकमधील सुमारे अकरा हजार लोकवस्तीच्या तुवालू या बेटांच्या देशात हा प्रश्न टोकाला गेला आहे. हवामानबदलाचा परिणाम काहीही झाला तरी आपले राष्ट्र कायम राहील, अशी दुरुस्ती तुवालूने २०२३ साली आपल्या घटनेत केली. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार दरवर्षी २८० पर्यंत तुवालुवासीयांना तिकडे जाऊन राहता येते. या देशाच्या संसदेत १६ सभासद असतात, ते आठ मतदारसंघांतून प्रत्येकी दोन असे निवडले जातात, आणि हे मतदारसंघ म्हणजे तिथली बेटे आहेत. एखादे बेट राहण्याजोगे उरले नाही आणि तिथली माणसे समुद्रापलीकडे विखुरली, तर त्या दोन जागांसाठी कोणी, कुठे उभे राहून आणि कोणत्या मतदारयादीतून मत द्यायचे?