कूस कोण बदलतं?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो ‘मी बिफोर यू’ या कादंबरीच्या शेवटाचा. त्याकडे येतेच. जोजो मॉयस यांची ही २०१२ ची कादंबरी इथल्या बहुतेकांनी वाचलीय, उरलेल्यांनी सिनेमा पाहिलाय, तेव्हा कथानक एका ओळीतच: अपघातानं मानेखाली लुळा पडलेला श्रीमंत विल, आणि त्याच्या सोबतीला नेमलेली, त्याच्या प्रेमात पडणारी लू. मला आधी बोलायचंय ते नेथनबद्दल. आठवतो का? विलचा नर्स! औषधं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, व्यायाम ही कामं मुख्यतः त्याची. लूच्या वाट्याला चहा, गप्पा आणि प्रेम. लेखिकेनं शुश्रूषा एकाला दिली आणि प्रेम दुसरीला, इथेच माझं भांडण सुरू होतं.

आमच्या दादाला मानेच्या मणक्याला इजा झाली, तेव्हा इंदूरला रामबागेतल्या घरी शुश्रूषेला ब्यूरोकडून एक मावशी यायच्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी आधी लाली येते, मग जखम. मावशी रात्रीही गजर लावून उठायच्या. एका संध्याकाळी दादाच्या कपाळावर घामाचे थेंब, चेहरा लाल, डोकं फुटतंय म्हणाला. फोनवर डॉक्टर म्हणाले, ॲसिडिटी असेल, गोळी द्या. मावशींनी ऐकूनच घेतलं नाही. त्याला उशांना टेकवून ताठ बसवलं, पायजम्याची नाडी सैल केली आणि पांघरूण दूर करून नळी चाचपत गेल्या. मांडीखाली ती दुमडली होती. सरळ केली तशी पिशवी भराभर भरली आणि थोड्या वेळात डोकेदुखी उतरली. मणक्याची इजा इतक्या वर असली की तुंबलेल्या मूत्राशयानंही रक्तदाब एकदम चढतो, जिवावर बेततं. मावशींना हे एका जुन्या रुग्णाकडून कळलं होतं. आणि पगार? ब्यूरोचं कमिशन कापून हातात काय यायचं, ते सांगायला मला आजही संकोच वाटतो.

हसू नका, पण दादाचा सगळ्यात मोठा हट्ट सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन भुट्ट्याचा कीस खाण्याचा. रात्री त्या गर्दीत व्हीलचेअर! लोक चांगले हो, चौघं धावून आले, पण त्याला न विचारताच कपाटासारखा उचलला. कादंबरीत घोड्यांच्या शर्यतीला विलची खुर्ची चिखलात रुतते, ते पान मी म्हणूनच दोनदा वाचलं. तिथे लेखिका खरं बोलते.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तर शेवट. विल स्वित्झर्लंडला जाऊन, तिथल्या कायद्यात बसणारी मदत घेऊन, मरण पत्करतो. २०१६ मध्ये सिनेमा आला तेव्हा अपंग कार्यकर्त्यांनी लंडनमध्ये निदर्शनं केली, ती मला पटतात. पैसा, घर, नर्स, प्रेम सगळं असलेल्या माणसालाही जगणं नको, असं दाखवलं की वाचक मुकाट मान डोलावतो. आपल्याकडे अरुणा शानभाग यांचं उदाहरण आहे, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या. १९७३ पासून २०१५ पर्यंत केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं, आणि २०११ मध्ये दयामरणाच्या याचिकेला विरोधही केला. अरुणाताई स्वतः बोलू शकत नव्हत्या, विल बोलू शकतो, हा फरक मोठा आहे, मान्य. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उपचार थांबवण्याबाबत आधीच इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क दिला, त्यालाही माझा विरोध नाही. पण विलला मरणाचा हक्क देताना, पुन्हा कामाला लागलेला, चिडका, म्हातारा होत जाणारा विल लेखिकेनं एकदा तरी लिहून पाहायचा होता.

इथे लिहिणारी तरुण मंडळी बसलीत. प्रेमकथा जरूर लिहा, पण तिच्यात कूस कोण बदलतं आणि त्याचा पगार किती, तेही येऊ द्या. आता प्रश्न घेऊ. दुसऱ्या रांगेतल्या काकूंचा हात मघापासून वर आहे.