कार्पेंटर मावशींचं माहेर

न्यूयॉर्क राज्यातलं, हडसन नदीकाठचं पोकिप्सी. इथल्या रूरल स्मशानभूमीत डॉ. आनंदीबाई जोशी यांची रक्षा आहे. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा पाठवली गेली थिओडोशिया कार्पेंटर यांच्याकडे, आणि त्यांनी ती आपल्या घरच्या माणसांच्या थडग्यांपाशी ठेवली.

कार्पेंटरबाई राहायच्या न्यू जर्सीतल्या रोझेलला. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं मिशनरी मासिकात छापलेलं पत्र वाचून त्यांनी आपणहून आनंदीबाईंना पत्र लिहिलं, पुढे अमेरिकेत त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आनंदीबाईंच्या या मानलेल्या मावशी मुळात कोणत्या घरातल्या? कार्पेंटर हे तर सासरचं आडनाव. त्या काळच्या वर्तमानपत्रात बाईचं पहिलं नावही अनेकदा नसतं. 'मिसेस', नवऱ्याची आद्याक्षरं आणि त्याचं आडनाव, बस्स. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तर मावशींचं माहेर शोधणं आपलंही काम आहे.

सुरुवात शेवटापासून करायची. स्मशानभूमीच्या कार्यालयाला जागेचा क्रमांक सांगून दोन गोष्टी विचारायच्या: जागा कोणाच्या नावे घेतली, आणि तिथे कोणकोण आहे. खरेदीदाराचं आडनाव कार्पेंटर नसेल, तर ते माहेरचं असू शकतं. हा नुसता धागा, पुरावा नव्हे.

मग जनगणना. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना, साल, लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात, हे सगळं आहे. १९०० वजा लग्नाची वर्षं, की लग्नाचं साल जवळपास हाती येतं. १८९० कडे वळायचं कारण नाही. १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या आगीत आणि त्यानंतर ती जवळजवळ सगळी नष्ट झाली. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांचं जन्मराज्य पहिल्यांदा नोंदलं गेलं. पण इथे रोझेलचं नाव शोधत बसलात तर फसाल. रोझेल १८९४ मध्ये लिंडनमधून वेगळं झालं, तेव्हा पान युनियन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) लिंडन टाउनशिपचं उघडा. ही काउंटीसुद्धा १८५७ ची. त्याआधीची कागदपत्रं एसेक्स काउंटीत, नेवार्कला.

पहिल्या नावाचं स्पेलिंगही धरून ठेवू नका. थिओडोशिया, थिओडिसिया, कधी नुसतं आद्याक्षर. गणक कानाला आलं तसं लिहायचा. सुरुवातीची तीन-चार अक्षरं आणि पुढे तारांकन (*) देऊन शोधा. नाहीच सापडलं, तर त्या वस्तीची पानं एकेक करून वाचा. वेळ लागतो, पण माणूस सापडतं ते बहुधा असंच. वयाचंही तसंच. दहा वर्षांत बाईचं वय सातनेच वाढलेलं दिसलं, तर लगेच ती वेगळी बाई ठरवू नका.

लग्नाआधीची मुलगी सापडते १८५० च्या जनगणनेत. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलेली ही पहिली जनगणना. गुलामांची नावं तिच्यात नाहीत. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे वयोगटाच्या रकान्यातले आकडे. मात्र १८५० च्या पानावर नातं लिहिलेलं नाही. एका घरात, एका आडनावाची मुलगी दिसली म्हणजे ती लेकच असं नाही. पुतणी असेल, धाकटी बहीणही असेल. न्यूयॉर्क राज्याच्या १८५५ च्या स्वतंत्र जनगणनेत मात्र नातं आहे आणि जन्माची काउंटीही आहे. पोकिप्सी डचेस काउंटीत येतं, तेव्हा तिथली पानं आधी.

लग्नाचा सरकारी दाखला मिळेलच, ही आशा नको. न्यूयॉर्क राज्यात नियमित नोंदणी १८८० च्या सुमारास सुरू झाली. त्याआधीच्या लग्नांसाठी चर्चची वही आणि गावचं वर्तमानपत्र पाहायचं.

सगळ्यांत भक्कम कागद असतो वडिलांच्या इस्टेटीचा. न्यूयॉर्कमध्ये तो काउंटीच्या सरोगेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारशाची प्रकरणं पाहणाऱ्या न्यायालयात, मिळतो. नुसतं मृत्युपत्र वाचून थांबू नका, सोबतचा अर्जही मागा. त्यात वारसांची नावं आणि राहायची गावं असतात, आणि लग्न झालेल्या मुली सासरच्या नावाने. त्या यादीत कार्पेंटर आडनावाची मुलगी आणि तिच्यापुढे न्यू जर्सीतलं गाव दिसलं, की माहेर आणि सासर एकाच कागदावर आलं.