शिक्षणावरचं संशोधन शोधताना : बडोद्यातून

(दृश्य : मांडवीची सकाळची वर्दळ. कॅमेरा सेंट्रल लायब्ररीच्या इमारतीकडे वळतो.)

निवेदन :

१८९३ साली अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. १९०६ पर्यंत ते सगळ्या बडोदा संस्थानात लागू झालं. मुलं वाचायला शिकली, आता ती वाचणार काय, हा प्रश्न ओघानं आलाच. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बडोद्याला आणलं. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, गावोगाव वाचनालयं निघाली, फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या खेड्यांत जाऊ लागल्या. पण बोर्डन यांचं मला सर्वांत मोठं वाटणारं काम वेगळंच आहे. त्यांनी इथे ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. पुस्तक कपाटात असून भागत नाही, मागणाऱ्याच्या हाती ते पडलं पाहिजे, आणि त्यासाठी नोंद करणारा माणूस तयार असावा लागतो.

(दृश्य : ग्रंथालयातली काचेची जमीन, खालच्या मजल्यावर झिरपणारा उजेड.)

आज कपाटांच्या जागी डेटाबेस आले. नोंदीचं महत्त्व मात्र तसूभरही कमी झालेलं नाही.

(दृश्य : विद्यापीठाचा परिसर, हंसा मेहता लायब्ररी.)

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, आणि विद्यापीठाची मुख्य लायब्ररी त्यांच्याच नावाची. समजा, दांडिया बाजारात राहणारी एक शिक्षिका एम.एड. करते आहे. तिच्या वर्गातली काही मुलं घरी मराठी बोलतात आणि शाळेत गुजराती वाचतात. तिसरीतल्या या मुलांचं वाचन नेमकं कुठे अडतं, हा तिचा विषय. ती अख्खं वाक्य मोबाइलवर टाकते. समोर येतात बातम्या, क्लासच्या जाहिराती आणि कुणाचे तरी तयार प्रोजेक्ट. तासभर जातो, हाती धड काही लागत नाही.

तिचा विषय चांगला आहे. फक्त त्याचे तुकडे पाडायला हवेत. घरची भाषा हा एक तुकडा, शिकण्याचं माध्यम हा दुसरा, वाचन हा तिसरा, प्राथमिक इयत्ता हा चौथा. आता हे तुकडे घेऊन ती एरिकवर जाते.

(दृश्य : स्क्रीन. एरिकचं मुखपृष्ठ, शोधचौकट.)

एरिक हा शिक्षणविषयक संशोधनाचा अमेरिकन सरकारचा डेटाबेस. १९६६ पासून चालू आहे आणि जगात कुणालाही फुकट पाहता येतो. इथल्या नोंदींना ठरावीक विषयसंज्ञा लावलेल्या असतात आणि त्या संज्ञांचा एक कोशही तिथेच आहे. शोधायला लागण्याआधी तो कोश उघडावा, हे मी आग्रहानं सांगेन. आपण ‘मदर टंग’ म्हणतो, तिथल्या नोंदींवर ‘नेटिव्ह लँग्वेज’ अशी संज्ञा असते. माध्यमासाठी ‘लँग्वेज ऑफ इन्स्ट्रक्शन’. आणि भारतातल्या अभ्यासांवर ‘फॉरेन कंट्रीज’ असा शिक्का असतो, कारण नोंद करणारे अमेरिकेत बसलेले आहेत. हे ठाऊक नसेल तर आपल्याच देशावरचे लेख आपल्या नजरेतून सुटतात.

दोन शब्दांचा शब्दप्रयोग अवतरणचिन्हांत टाकावा, म्हणजे तो अखंड शोधला जातो. दोन तुकडे जोडायला मध्ये ‘अँड’, एकाच तुकड्याची दोन नावं असतील तर ‘ऑर’. शोधचौकटीखाली दोन खुणा दिसतील. एक तज्ज्ञांनी तपासलेल्या लेखांपुरती, दुसरी ज्यांचा पूर्ण मजकूर तिथेच उघडतो त्यांच्यासाठी. दुसरी खूण सुरुवातीलाच करू नका. मजकूर मिळत नाही म्हणून लेख आपल्या उपयोगाचा नाही, असं थोडंच आहे! डावीकडे वर्ष, शैक्षणिक स्तर, ठिकाण यांच्या गाळण्या आहेत. ठिकाणात भारत निवडला की यादी एकदम आटोक्यात येते.

नोंदीचा क्रमांक ‘ईजे’नं सुरू झाला तर तो नियतकालिकातला लेख. ‘ईडी’ असेल तर अहवाल, परिषदेतला निबंध वगैरे.

(दृश्य : शिक्षिकेची वही. तारीख, डेटाबेसचं नाव, वापरलेले शब्द, किती नोंदी आल्या, असे रकाने.)

ही वही नीट पाहा. कोणत्या दिवशी, कुठे, कोणते शब्द जोडून शोधलं, हे ती लिहून ठेवते. मार्गदर्शकांनी विचारलं तर उत्तर तयार, आणि पुढच्या वेळी तीच वाट पुन्हा तुडवावी लागत नाही.

पण एरिकवर आपल्याकडचे प्रबंध फारसे नाहीत. त्यासाठी शोधगंगा, म्हणजे भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन साठा. ती चालवतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात देणं बंधनकारक केलं, आणि शोधगंगा भरत गेली. प्रबंध तिथे सुट्या फाइलींत असतो, एकेका प्रकरणाची एकेक फाइल. सगळा प्रबंध उतरवून घेण्याआधी दोनच फाइली उघडाव्यात, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा आणि शेवटची संदर्भसूची. एका चांगल्या सूचीतून पुढच्या दहा वाटा फुटतात. मात्र त्या आढाव्यातले परिच्छेद उचलून आपल्या प्रबंधात चिकटवणं ही चोरीच आहे. मूळ लेख शोधायचा, वाचायचा, मग लिहायचं.

इथे एक खास बडोद्याची अडचण येते. जुन्या नोंदींत शहर ‘बरोडा’ आहे, नव्यांत ‘वडोदरा’, आणि विद्यापीठाच्या इंग्रजी नावात आजही ‘बरोडा’च. दोन्ही शब्द ‘ऑर’नं जोडून शोधा, नाहीतर निम्मं साहित्य बाहेरच राहील.

(दृश्य : ग्रंथालयातले जाडजूड खंड.)

शोधगंगेच्या आधीचं काय? त्याचं उत्तर याच शहरात तयार झालं. विद्यापीठाच्या शिक्षणातील प्रगत अध्ययन केंद्रानं १९७४ मध्ये भारतातल्या शिक्षण-संशोधनाचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. संपादक प्रा. एम. बी. बुच. देशभरातल्या प्रबंधांचे गोषवारे विषयवार लावलेले. दुसरं सर्वेक्षण १९७९ मध्ये आलं, पुढची एनसीईआरटीनं काढली. संगणक नसताना उभा केलेला हा डेटाबेसच म्हणायचा. जुनं संशोधन हवं असेल तर ग्रंथपालांना विचारून हे खंड काढून घ्या. नव्या मुलांना ते माहीतच नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पैसे भरून वाचायच्या नियतकालिकांचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना २०२५ पासून सुरू आहे. सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना तिच्यातून वाचता येतात. घरून वाचायचं तर लॉगिन कसं मिळतं, ते आपल्या लायब्ररीत विचारा. खासगी महाविद्यालयात असाल तर एरिक आणि शोधगंगा आहेतच, शिवाय मुक्त नियतकालिकांची डीओएजे ही सूची आहे.

(दृश्य : शिक्षिका संगणकावर स्वतःच्या प्रबंधिकेचा गोषवारा टंकते आहे.)

आता पाळी तिची. मुखपृष्ठावर ‘एक अभ्यास’ एवढं मोघम लिहून तिनं थांबू नये. शीर्षकात इयत्ता हवी, घरची भाषा मराठी आणि माध्यम गुजराती हे हवं. बीजशब्दांत, म्हणजे शोधणाऱ्यासाठी दिलेल्या मुख्य शब्दांत, ‘बरोडा’ही हवं आणि ‘वडोदरा’ही. गोषवाऱ्यात किती मुलं तपासली, कोणत्या कसोटीनं, काय आढळलं, हे तिनं सरळ सांगावं. उद्या इंदूरला किंवा बेळगावला असाच प्रश्न घेऊन कुणी बसेल, तेव्हा त्याच्या यादीत तिचं काम वर येईल ते या शब्दांमुळेच.