ओट्यावरचं ऊन

[दृश्य: डिसेंबरची सकाळ. राजवाड्यामागची अरुंद गल्ली. दुरून पोहेवाल्याच्या झाऱ्याचा आवाज.]

सकाळचे दहा. इंदूरच्या जुन्या गल्ल्यांमध्ये या वेळेला दोन गोष्टी हमखास दिसतात. पोह्यांच्या ठेल्याभोवतीची गर्दी, आणि ओट्यावर पाय पसरून उन्हात बसलेली म्हातारी माणसं. पोह्यांवर आजवर पुष्कळ व्हिडिओ झालेत. आपण ओट्याकडे जाऊ.

हा ओटा दीड फूट उंच, अडीच फूट रुंद. काळा दगड, बसून बसून गुळगुळीत झालेला. कोपऱ्यात वाटीएवढा खळगा आहे. पूर्वी त्यात मिरची कुटायचे, आता चिमण्या पाणी पितात. घर उत्तरेला, दार दक्षिणेला. हे दक्षिणेचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गल्लीपलीकडे, अगदी समोर, रिकामा प्लॉट. इथे वाडा होता. खाली दगड, वर लाकूड. राजवाड्याचाच म्हणा ना, धाकटा भाऊ. वारस कोर्टात भांडत राहिले. वाळवी कुणाशी भांडली नाही, तिनं आपलं काम उरकलं. आता उरलंय ते जोतं, एक कडुलिंब, आणि भिंतीवर जिन्याच्या पायऱ्यांच्या खुणा.

या प्लॉटवर आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाच्या बारा मुलांना प्रोजेक्ट मिळाला: मोहल्ल्यासाठी वाचनालय आणि अभ्यासिका. मुदत सहा आठवडे. आधीच सांगून टाकतो, यातलं काहीही बांधलं जाणार नाही. नकाशांच्या शीट लागतील, परीक्षकांची ज्युरी होईल, मार्क पडतील, मॉडेलं माळ्यावर जातील. तरीही आम्ही सहा आठवडे कॅमेरा घेऊन इथे येत राहिलो.

[दृश्य: पहिला दिवस. मुलं लेझर मीटरनं भिंती मोजताहेत. ओट्यावरून एक आजी बघताहेत.]

पहिल्या दिवशी मुलं आली ती मोजायलाच. गल्ली चार मीटर. प्लॉट अठरा बाय तेवीस. आजी बराच वेळ बघत होत्या. मग एका मुलीला म्हणाल्या, “पोरी, मागच्या साली पण पोरं आली होती. चहा प्यायली, मोजून गेली. परत कुणी आलं नाही. काय मोजलं ते तरी सांगायचं ना गं.”

मुलगी हसली. मला मात्र हसू आलं नाही. वीस वर्षांपूर्वी मीही असाच एका मोहल्ल्यातून मोजून गेलो होतो. त्या प्रोजेक्टच्या शीटवर माझं अर्धगोल अँफिथिएटर होतं. वर्गात बत्तीस मुलं आणि एकतीस अँफिथिएटरं. बत्तिसावा आजारी होता. मे महिन्याच्या भर दुपारी त्या दगडी पायऱ्यांवर कोण बसणार, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. ज्युरीतसुद्धा नाही. मार्क चांगले पडले.

[दृश्य: दिवाळीच्या पणत्या, गल्लीतून जाणारी मिरवणूक.]

मोजण्याआधी गल्ली आणि तिथली माणसं बघायची, ही गोष्ट या शहरात एकदा फार सुंदर करून दाखवलेली आहे. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ, मूळचे वनस्पतिशास्त्राचे माणूस, तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबारासाठी इंदूरचा नगरविकासाचा अहवाल करायला आले. १९१८ साली तो अहवाल दोन खंडांत छापला गेला. गेडिसची पद्धत साधी: आधी गल्लीबोळातून पायी हिंडायचं. मग रुंद सडकेसाठी अख्खा मोहल्ला पाडण्याऐवजी, एखादं पडकं घर तेवढं काढून तिथे हवा-उजेड येऊ द्यायचा. शस्त्रक्रिया, पण जपून. सांडपाण्याच्या खर्चिक योजनेवरही त्यांनी सडकून टीका केली.

तेव्हा शहरात प्लेगची भीती होती. गेडिसनी दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्गच बदलून टाकला. ठरलेल्या रस्त्यानं नाही, तर ज्या गल्ल्या सगळ्यात जास्त साफ होतील त्या गल्ल्यांतून मिरवणूक जाणार. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता आणि सफाई कामगार मानानं चालत होते, त्यांच्या झाडूंना फुलांच्या माळा. लोकांनी घरं घासूनपुसून काढली, गाड्या भरभरून कचरा बाहेर पडला. आता २०१७ पासून आपण स्वच्छतेत देशात पहिले येतो म्हणून मिरवतो. झाडूला माळ घालायची कल्पना तेव्हाची आहे, एवढं ठाऊक असू द्या.

[दृश्य: प्लॉटच्या कोपऱ्यात खणलेला खड्डा. एक म्हातारा गवंडी माती चुरगाळतो.]

दुसऱ्या आठवड्यात मुलांनी खड्डा खणला. वर चार फूट काळी माती, खाली मुरूम. माळव्याची ही माती कापसाला चांगली, घराला वाईट. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते, आणि वरची भिंत तिच्याबरोबर श्वास घेत बसते. शेजारच्या भिंतीत तिरकी भेग आहे. मुलांना वाटलं बांधकाम कच्चं. गवंडीकाका म्हणाले, “भिया, भिंत पक्की आहे. नळ गळतो तिकडे बघ.” पाइपाचं पाणी जोत्याच्या एकाच कोपऱ्यात मुरत होतं. तेवढीच माती फुगली, आणि भिंत तिथेच चिरली. वाड्याचा पाया मात्र मुरमापर्यंत नेलेला होता. ज्यांनी बांधला त्यांनी माती चुरगाळून पाहिली असणार.

[दृश्य: स्टुडिओ. टेबलावर फोमबोर्डचं मॉडेल.]

आता त्या हसलेल्या मुलीकडे येऊ. तिचं पहिलं डिझाइन देखणं होतं. गल्लीला लागून तीन मजली इमारत, नऊ मीटर उंच, दर्शनी भागात विटांची जाळी. मागे छोटं अंगण. सरांनी एकच प्रश्न विचारला: “एकवीस डिसेंबरला दुपारी बाराला सावली कुठे पडेल?”

हिशेब अवघड नाही. इंदूर साधारण पावणेतेवीस अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या जरासं खाली. जूनच्या मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, किंचित उत्तरेकडेच झुकलेला. म्हणजे उन्हाळ्यात उत्तरेची भिंतही तापते, हे पुस्तकी ठोकताळे लावणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. डिसेंबरात मात्र तोच सूर्य भर दुपारी दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम चव्वेचाळीस अंशांवर. चव्वेचाळीस अंश म्हणजे जेवढी उंची, जवळपास तेवढीच सावली, बोटभर जास्तच. नऊ मीटरच्या इमारतीची सावली सव्वानऊ मीटर, उत्तरेकडे. गल्ली चार मीटरची. पलीकडे काय आहे?

आजींचा ओटा.

ती गप्प झाली. जाळी फार मन लावून कापली होती तिनं.

[दृश्य: तीच मुलगी, एकटी, सकाळी साडेनऊला गल्लीत. हातात मीटर नाही, वही आहे.]

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली आणि दिवसभर बसून राहिली. वहीत नुसत्या वेळा लिहिल्या. साडेनऊ: ऊन पहिल्या पायरीवर. दहा: आजी आल्या, मेथीची जुडी घेऊन. साडेदहा: शेजारच्या वहिनी बाळाला तेल लावून घेऊन आल्या. बारा: टपालवाला टेकला, पाणी प्यायला. दोन: पेपर वाचणारे काका, चष्मा कपाळावर. चार: ऊन गेलं, सगळे आत.

तिला आयतं वाचनालय सापडलं होतं. छप्पर तेवढं नव्हतं.

ओटा म्हणजे घराचा की रस्त्याचा, हे इंदुरात कुणी नक्की सांगू शकत नाही, आणि तेच बरं आहे. सराफ्यात बघा. दिवसभर सोन्याची दुकानं. रात्री शटर पडलं की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि गराडू. एकच दगड, दोन पाळ्या. नकाशात मात्र तिथे फक्त एक रेघ असते.

ही रेघ जाडी करून बघणारेही होते. १९८०च्या दशकात अहमदाबादच्या वास्तुशिल्प फाउंडेशननं आणि मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठानं इंदूरच्या झोपडवस्त्यांचा बारीक अभ्यास केला. कुणाच्या दाराशी झाड आहे, कुठे दुकान सुटलंय, ओटा कुठवर येतो, जिना कुठून जातो. गरीब माणूस जागा कशी वापरतो, ते त्याच्याकडूनच शिकायचं. त्या काळातच वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींची अरण्य ही गरिबांसाठीची वसाहत आकाराला आली, शहराच्या उत्तरेला, सुमारे ८५ हेक्टरवर. पुण्यात जन्मलेले दोशी. २०१८ साली त्यांना प्रिट्झकर, म्हणजे वास्तुकलेतला सगळ्यात मानाचा पुरस्कार, मिळाला. अरण्यात साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, सगळ्यात लहान ३५ चौरस मीटर. सगळ्यात गरिबाला घर नाही दिलं. जोतं दिलं, नळ, संडास-न्हाणी दिली. पुढचं त्यानं आपल्या ऐपतीनं, आपल्या वेळेनं बांधायचं. नमुन्याची म्हणून ८० घरं बांधून दाखवली. घर आणि रस्ता यांच्यामध्ये ओट्याला, जिन्याला थोडी जागा राखलेली. १९९५ साली या कामाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. आज तिथे जाल तर दोशींचं घर ओळखू येईलच असं नाही, लोकांनी त्यावर इतकं चढवलंय. कुणी याला ऱ्हास म्हणतं. मला तर ते काम फळाला आल्यासारखं वाटतं.

[दृश्य: सहावा आठवडा. गल्लीतच चादर अंथरून मॉडेलं मांडताहेत.]

ज्युरी कॉलेजात व्हायची होती. मुलांनीच हट्ट धरला, गल्लीत घ्या. मागच्या सालची ती तक्रार त्यांना टोचत होती.

तिनं मॉडेल आजींच्या ओट्यावरच ठेवलं. इमारत सहा मीटर मागे गेली होती, एक मजला कमी झाला होता, गल्लीच्या बाजूला अंगण आणि कडुलिंबाभोवती पार. पाया मुरमापर्यंत. बाहेरून आलेल्या परीक्षकांना ते पटलं नाही. चाळीस मुलांच्या अभ्यासिकेत आता सव्वीसच मावतात. एका ओट्याच्या उन्हासाठी चौदा मुलांची जागा घालवायची? प्रश्न रास्त होता. एमपीपीएससी, नीट, जेईईच्या या शहरात चौदा खुर्च्या म्हणजे थोड्या नव्हेत. ती म्हणाली, परीक्षेची मुलं रात्री बसतात, तेव्हा अंगणही वापरता येईल. परीक्षकांनी मान हलवली, पण मार्क कापले. मलाही अजून ठरवता आलेलं नाही की कोण बरोबर.

आजींनी विचारलं, “यात माझा ओटा कुठला?” तिनं बोट ठेवलं. मग मोबाइलचा टॉर्च लावून चव्वेचाळीस अंशांवर धरला. सावली अंगणातून सरकत आली आणि गल्लीच्या कडेलाच थांबली, ओट्यापर्यंत पोचलीच नाही. आजींनी तिच्या हातातून मोबाइल घेतला, स्वतः खाली-वर करून बघितला. दोनदा. मग नुसतं “हं” म्हणाल्या. गल्लीत हशा पिकला.

इतक्यात गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली. ड्रायव्हर उतरून मॉडेलवर वाकला आणि म्हणाला, “और गाडी कहाँ से मुडेगी?”

सगळे प्लॉटकडे बघायला लागले. रोज सकाळी ती गाडी याच रिकाम्या जागेत शिरते, मागे घेते आणि वळते. सहा आठवडे आम्ही तिला बघत होतो. माझ्या कॅमेऱ्यात ती निदान दहा वेळा आहे. कुणाच्या वहीत ती नव्हती.

ड्रायव्हरनं पावलं टाकून दाखवलं, इथून इथपर्यंत लागतं. पाराची एक कड बरोबर मध्ये येत होती.

मुलीनं दप्तरातून कटर काढला.