मोंढ्यातला भाव कानापर्यंत नेताना

(मुक्त पत्रकारिता करणाऱ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो, लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोयाबीन आणि तुरीचा सौदा निघतो, जालन्यात भंगार वितळवून सळई तयार होते, वसमतला हळद येते, वाळूजला गाड्या आणि त्यांचे सुटे भाग बनतात. या व्यवहारांवर मराठीत, नेमकं बोलणारे पॉडकास्ट इथून, मराठवाड्यातूनच निघायला हवेत. माईक कोणता घ्यावा, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. माझ्या मते आधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात, हातातला आकडा आणि कामाचा करार.

आकड्यापासून सुरुवात करू. ‘सोयाबीन ४,३०० रुपये’ हे वाक्य अर्धवट आहे. तो किमान दर, कमाल की सर्वसाधारण? आवक किती क्विंटल? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओलावा किती? २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये आहे आणि तो १२ टक्के ओलाव्याच्या मालासाठी धरलेला आहे. दिवाळीच्या आसपास मळणी करून थेट मोंढ्यात आणलेल्या मालात समजा १८ टक्के ओलावा निघाला आणि त्याला ४,३०० मिळाले. हमीभावातून वजा केलं की १,०२८ रुपयांची तफावत दिसते. पण हा हिशेब पुरता नाही. १८ टक्के ओलाव्याच्या क्विंटलभर मालात कोरडा भाग ८२ किलो. तोच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला तर वजन भरेल सुमारे ९३.२ किलो. म्हणजे सुक्या क्विंटलला भाव पडला साधारण ४,६१५ आणि खरी तफावत ७१३ रुपये. शेतकऱ्याच्या तोट्याची ७१३ रुपयांची गोष्टही गंभीरच आहे, तिला फुगवायची काही गरज नाही. उलट १,०२८ म्हणालात, तर पहिला आडत्याच (शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल) तुम्हाला खोडून काढेल आणि त्यापुढचं कुणी ऐकणार नाही. आडत्याला, हमालाला आणि माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ओलावा वेगवेगळा विचारा आणि जमलं तर हिशेबपट्टी, म्हणजे विक्रीनंतर शेतकऱ्याला मिळणारी हिशेबाची पावती, डोळ्यांनी बघा. हमाली, तोलाई वजा जाऊन हातात किती पडलं, ते तिथेच कळतं.

भाव का हलला, हे सांगताना घाई होते. सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ टक्के, बाकी बहुतांश पेंड. त्यामुळे खाद्यतेलाच्या आयात शुल्काची बातमी आली की लगेच ‘आता भाव वाढणार’ म्हणू नका. पेंडेला परदेशात गिऱ्हाईक आहे का, हेही विचारा. शिकागोच्या वायदेबाजारातला भाव सांगायचा असेल, तर तो बुशेलमध्ये असतो आणि सोयाबीनचा बुशेल म्हणजे सुमारे २७.२ किलो. रुपये-क्विंटल करूनच तो ऐकवा.

वाचणारा माणूस मागच्या ओळीवर परत जाऊ शकतो. मोटारसायकलवर ऐकणारा जाऊ शकत नाही. म्हणून एका वाक्यात एकच आकडा ठेवा. ‘चार हजार सहाशे पंधरा’ऐवजी ‘चार हजार सहाशेच्या वर’ चालेल. साडेचार, पावणेपाच, अडीचपट हे शब्द कानाला पटकन समजतात, ते मोकळेपणाने वापरा. मिनिटाला १२० शब्दांच्या आसपास बोललात, तर पंधरा मिनिटांच्या भागाला १,८०० शब्दांची संहिता पुरते. तीत मुलाखतीचे तुकडे घालायचे असतील, तर तेवढे शब्द कमी करा.

आता आवाज. पत्र्याच्या किंवा मोकळ्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि तो घुमारा नंतर नीट काढता येत नाही. समोर आणि पाठीमागे गोधड्या टांगा, पंखा बंद करा, इन्व्हर्टरपासून लांब बसा. माईक तोंडापासून वीतभर, थोडा तिरका. रेकॉर्डरच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, कारण फाटलेला आवाज शिवता येत नाही. फोनवर मुलाखत असेल, तर समोरच्यालाही त्याच्या मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायला सांगा. सुरुवातीला दोघांनी एकदम टाळी वाजवली की दोन्ही फायली जुळवणं सोपं जातं. एकट्याच्या बोलण्याला मोनो (एकच ध्वनिवाहिनी), ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) पुरेसं आहे. पंधरा मिनिटांची फाईल साधारण सात एमबी होते आणि खेड्यातल्या नेटवर्कवरही ती उतरते.

चूक झालीच, तर मूळ फाईल बदला. पण आधी डाउनलोड झालेल्या प्रती लोकांच्या मोबाइलमध्ये तशाच राहतात. म्हणून दुरुस्ती पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच, स्पष्ट शब्दांत सांगा. शेवटी पुटपुटू नका. बियाणं कंपनी प्रायोजक असेल, तर तेही पहिल्याच मिनिटात सांगा.

करारावर मी थोडा आग्रही आहे. मराठीत ‘बघू, देऊ काहीतरी’ या भरवशावर फार कामं होतात आणि त्यात फटका नेहमी मुक्त पत्रकाराला बसतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. नोकरीत नसलेल्या माणसाने तयार केलेल्या मजकुराचा हक्क साधारणपणे त्याचाच असतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. प्रकाशक ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहून आणेल, तेव्हा थांबा. पॉडकास्टसाठी दोन वर्षांची परवानगी द्या. पुस्तक आणि अनुवादाचे हक्क स्वतःकडे ठेवा. किती वेळा दुरुस्ती करून द्याल, हेही आकड्यात लिहा, नाहीतर एकाच भागाचं संपादन महिनाभर चालतं.

पैशाचं बघा. पंधरा हजारांचे चार भाग केलेत, बिल साठ हजारांचं. व्यावसायिक सेवेवर दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, कापला जातो, वर्षाची रक्कम पन्नास हजारांच्या वर गेली की. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची. हातात येतील ५४ हजार. कापलेले सहा हजार बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना ते हिशेबात धरले जातात. मात्र ते तुमच्या पॅनवर जमा दिसतात का, हे तपासा. पॅन दिला नाही, तर कपात वीस टक्के.

‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी फुकट आहे, ती पहिल्या बिलाच्या आधी करा. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असेल तर लेखी करारातही पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, करारच नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. मुदत संपल्यावर बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून ईमेलने आठवण द्या. उत्तर नाही आलं, तर लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठी असलेल्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. काम करून झाल्यावर नोंदणी केलीत, तर त्या जुन्या बिलासाठी हा आधार मिळवणं अवघड होऊन बसतं.