बुखाऱ्याची वीट

श्रोतेहो, नमस्कार.

उझबेकिस्तान म्हटलं की डोळ्यांपुढे येतात समरकंदचे निळे घुमट. आज मी बोलणार आहे तिथून पश्चिमेला असलेल्या बुखाऱ्याबद्दल. निळाई इथेही आहे, पण या शहराचा जीव आहे तो साध्या, पिवळसर, भाजलेल्या विटेत. भोवती वाळवंट. दगड कमी, इमारती लाकूड त्याहून कमी, माती मात्र हवी तेवढी. त्या मातीतून इथल्या गवंड्यांनी काय काय घडवलं, ते पाहायला बुखाऱ्याला जायचं.

सुरुवात करा एकेकाळी इथे राज्य करणाऱ्या सामानी घराण्याच्या मकबऱ्यापासून. दहाव्या शतकातली ही इमारत एका बागेत उभी आहे. आकाराने लहान, जेमतेम अकरा मीटरची एकेक बाजू. रंग नाही, भिंतीवर फरशी नाही. नुसत्या विटा; आडव्या, उभ्या, तिरक्या, काही आत घेतलेल्या, काही बाहेर काढलेल्या. भिंत रचलेली वाटतच नाही, बुरुडाने विणलेल्या टोपलीसारखी दिसते. सकाळी एकदा आणि ऊन कलल्यावर पुन्हा एकदा जा. सावल्या सरकतात आणि तीच नक्षी वेगळी दिसते. आत गेलात की कोपऱ्यांकडे नीट पाहा. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा? चारही कोपऱ्यांत कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन केला, त्यावर सोळा बाजू केल्या, मग वर घुमट चढवला. हजार वर्षांपूर्वीचं हे गणित तिथे उघड्या डोळ्यांनी वाचता येतं. माझ्या मते साऱ्या बुखाऱ्यात याहून सुंदर काही नाही.

मग कल्याण मिनार. 1127 साली काराखानी घराण्याचा राजा अर्सलान खान याने बांधवलेला, सुमारे 46 मीटर उंच. विटांच्या नक्षीचे पट्टे एकावर एक चढत जातात, आणि वरच्या बाजूला निळ्या चकाकीचा एक अरुंद पट्टा आहे. तो चुकवू नका. पुढच्या शतकांत मध्य आशियाभर पसरलेल्या निळाईची ती अगदी सुरुवातीची खूण मानतात. 1220 मध्ये चेंगीझखानाच्या सैन्याने शहर जाळलं, मिनार टिकला. 1920 मध्ये बोल्शेविकांच्या लाल सेनेच्या तोफगोळ्यांनी त्याला इजा केली. पुढे तो दुरुस्त झाला.

पायथ्याची मशीद सोळाव्या शतकातली. समोरचा मीर-ए-अरब मदरसा आजही चालू आहे. तिथे विद्यार्थी शिकतात, राहतात, म्हणून पर्यटकांना प्रवेशद्वाराच्या आतल्या दालनापर्यंतच जाता येतं. जाळीतून अंगण दिसतं तेवढं पाहावं आणि हळूच मागे फिरावं.

लबी हौजचं तळं, आर्क किल्ला तर तुम्ही पाहालच. पण तैमूरचा नातू उलुगबेग याच्या मदरशासाठी वेगळा वेळ काढा. तो 1417 चा, आणि त्याच्या अगदी समोर 1652 मध्ये अब्दुलअजीज खानाने बांधलेला. पहिला संयमी, मोजका. दुसरा रंगांनी आणि वेलबुट्टीने भरलेला. दोहोंच्या मध्ये उभं राहून आधी इकडे, मग तिकडे पाहिलं की सव्वादोनशेहून अधिक वर्षांत अभिरुची कुठून कुठे गेली ते कळतं.

आणि एक. रेल्वेने जाणार असाल तर स्टेशन जुन्या शहरात नाही, दहा-बारा किलोमीटरवर कागान गावात आहे. उतरल्यावर टॅक्सी ठरवा. जुन्या शहरात मात्र पायीच फिरा. यातलं बहुतेक सारं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नमस्कार.