टूथपेस्टच्या ट्यूबमधून निघालेला सोफा

[हातात टूथपेस्टची ट्यूब]

ही ट्यूब बघा. संपत आली की आपण तिचं शेपूट दुमडतो, आणखी संपली की आणखी दुमडतो. अशीच दुमडलेली ट्यूब बघून एका माणसाला चक्क सोफा सुचला. मिशेल ड्युकारोय, फ्रेंच डिझायनर. साल 1973. सोफ्याचं नाव टोगो, आणि तो आजही बनतो.

आता ही माझी ट्यूब प्लॅस्टिकची आहे, दुमडली की परत सरळ व्हायला बघते. त्या काळच्या असायच्या ॲल्युमिनियमच्या. एकदा वाकली की वाकली, आणि वाकली तिथं सुरकुत्या.

[टोगोचा फोटो, पाठ आणि बैठक मिळते तो कोपरा जवळून]

इथं बघा, कोपऱ्यात. कापडाला चुण्या पडल्यात ना? शिवणाऱ्याचा हात बिघडलेला नाही, त्या मुद्दाम ठेवल्यात. खाली पाय नाहीत, आत लाकडाची चौकट नाही. नुसता फोम, कुठे घट्ट, कुठे मऊ. बसायला झकास. उठायचं म्हटलं की गुडघे आठवतात, ते सोडा.

डिझायनर सोफ्याचा कॅटलॉग उघडला की ठरलेली वाक्यं असतात. 'निसर्गातून प्रेरणा', 'सागराच्या लाटांची लय'. मला प्रश्न पडतो, आधी लाटा नव्हत्या का? मग शेकडो वर्षं सोफे ताठ का बसले होते?

कारण जुन्या सोफ्याच्या पोटात होतं. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेले पट्टे, पट्ट्यांवर स्प्रिंगा, वर घोड्याच्या केसांचं भरण आणि मग कापड. आकार काय घ्यायचा ते चौकट ठरवायची. पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा शोध जर्मनीत 1937 मध्ये लागला, आणि त्याचा मऊ फोम 1950 च्या दशकात कारखान्यांमध्ये पोचला. हा फोम साच्यात ओतता येतो, हवा तसा कापता येतो. सुतारानं अडवायचा प्रश्नच उरला नाही.

याचा पुरावा म्हणजे ओठ.

[दोन फोटो शेजारी शेजारी]

चित्रकार साल्वादोर दालीनं मे वेस्ट या अभिनेत्रीच्या चेहऱ्याचं चित्र केलं, त्यात ओठांच्या जागी सोफा. पुढे एडवर्ड जेम्स या संग्राहकासाठी तो ओठांचा सोफा खरोखर घडवला गेला, 1930 च्या दशकाच्या शेवटी. पण आत लाकूडच. म्हणजे बसता येईल असं शिल्प. 1970 मध्ये इटलीतल्या स्टुडिओ 65 नं तीच कल्पना फोममध्ये केली, नाव बोक्का, म्हणजे तोंड. कल्पना तीच, पण आता ओठ दाबले की दबतात.

कधीकधी तर आधी माल येतो, प्रेरणा मागून. 1950 च्या दशकात अमेरिकेत डिझायनर जॉर्ज नेल्सन यांच्या ऑफिसात एक जण प्लॅस्टिकच्या गोल चकत्या घेऊन आला. स्वस्तात बनतात, टिकतात म्हणाला. तिथल्या अर्व्हिंग हार्परनं शनिवार-रविवारात पोलादी सांगाड्यावर अशा 18 चकत्या मांडून सोफा आखला. नंतर कळलं, त्या चकत्या काही जमत नाहीत! पण आखणी सगळ्यांना आवडलेली. मग 18 गोल गाद्या वेगवेगळ्या बनवायची वेळ आली, आणि स्वस्ताईचा जो मुद्दा होता तोच गेला. 1956 चा मार्शमॅलो सोफा तो हाच. नाव गोड आहे, पण जन्म मिठाईतून झालेला नाही.

आता हल्लीचे गुबगुबीत, गोल कडांचे सोफे घ्या, ज्यांना लोक 'नवीन ट्रेंड' म्हणतात. इटालियन डिझायनर मारिओ बेलिनीचा असाच सोफा, कामालेओंदा, 1970 चा. नावात सरडा आणि लाट हे दोन इटालियन शब्द जोडलेत. 2020 मध्ये तो पुन्हा बाजारात आणला गेला आणि फोटोंमधून सगळीकडे पोचला. फोटोत दिसते ती लाट. सरडा लपलाय मागे. तिथं केबल, आकडे आणि कड्या आहेत. आकडा सोडवला की पाठ निघते, हात निघतो, आज लांबलचक सोफा, उद्या दोन खुर्च्या. माझ्या मते डिझाइन त्या आकड्यात आहे, फुगीरपणाची नक्कल कोणीही करतं.

तेव्हा शोरूममध्ये असा सोफा दिसला तर बसण्याआधी मागे जा, गुडघ्यावर बसा, खाली हात घाला. विक्रेता विचित्र नजरेनं बघेल. बघू दे.